पेट्रोल पंपाला घातलेली फेरी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण लहानपणापासूनची सवय, जाता जात नाही.

परवा दुकानात एक सायकलवाले काका चष्म्याचा नंबर तपासायला आले. मी भिंगं बदलत होते आणि ते तुझं कौतुक करत होते. तू गेल्या महिन्यात भरवलेल्या दोनशे किलोमीटरच्या राइडला गेले होते म्हणे. काय मार्ग शोधलाय पठ्ठ्यानं, कालव्याकाठची सावली काय, ट्रक चुकवून गावामागून काढलेली वाट काय! फक्त त्या पेट्रोल पंपाला मागून अख्खी फेरी कशाला मारायला लावली, ते काही कळलं नाही म्हणाले. सगळ्यांनी निमूट मारली. कुणाला वाटलं, तिथं गुपचूप हजेरी घेतात.

माझ्या हातातलं भिंग पडता पडता राहिलं. अरे गाढवा, मार्ग नोंदवताना माझं पोट बिघडलं होतं! पंपामागच्या शौचालयाकडे पळाले, सायकलवरचं वाट नोंदवणारं मशीन बंद करायचं भान कुणाला? माझ्या राइडला येणारे ती फेरी हसून सोडून देतात. तू मात्र त्या मशीनमधली माझ्या मार्गाची फाइल जशीच्या तशी उचललीस.

रस्ता आपल्या बापाचा नाही, हे मलाही कळतं. माझ्या मार्गावरून एकटा जा, मित्रांना ने, मला आनंदच आहे. पण लोक बोलावून, स्वतःच्या नावाची पाटी लावून राइड भरवायची, तर ज्यानं मार्ग आखला त्याला आधी विचारायचं आणि त्याचं नाव घ्यायचं, एवढी साधी रीत. माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचास तेव्हा मीच शिकवली होती तुला. त्या वाटा जोडताना कुत्री माझ्या अंगावर आली, चिखलात चाकं माझी रुतली, आणि तू पत्रकावर छापलंस, 'आम्ही स्वतः शोधलेला मार्ग'! एक फोन केला असतास तर 'ने की' म्हटलं असतं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून गप्प बसले असते. तू केलंस, म्हणून घास गोड लागत नाही. आई म्हणते, बहीणभावात कसलं आलंय तुझं-माझं? नव्हतंच रे. म्हणून तर फाइल मागितलीस तेव्हा काही न विचारता दिली.

येत्या रविवारी तू तीच राइड पुन्हा भरवतोयस, हेही काकांकडूनच कळलं. राहवेना, म्हणून काल जाऊन रस्ता बघून आले. मोठा उतार संपतो तिथल्या पुलाचा कठडा पडलाय आणि अर्धा रस्ता खचलाय. वळणामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि त्या वेगात कुणाचा ब्रेक लागायचा नाही. वर शाळेपाशीच सगळ्यांना उजवीकडे वळव. तो रस्ता दुसऱ्या पुलावरून पलीकडे जाऊन पुन्हा आपल्याच मार्गाला मिळतो, मी स्वतः चालवून पाहिलाय. फोनच करणार होते, पण भांडणात पुलाचं सांगायचं राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून जाते आहे. हा रस्ताही तूच शोधलास म्हणून सांग हवं तर. पण सांग.

तुझीच,
ताई