पात्र उतरवायचं काम

रोल्ला, शारजा
८ सप्टेंबर २०००

प्रिय मनोरमाआक्कास,
कमळीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आमचं बरं चाललंय. पर्णिकाला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. आईच्या मोदकपात्राचं विचारलंस, ते पुढे लिहिते.

हे फेब्रुवारीत गेल्यापासून मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या नाहीत, कामाला येणाऱ्या नूरजहाँ आणि रंभाला हाताशी घेऊन पोळ्यांवरच भागवतेय. ह्यांच्या त्या अ‍ॅडम स्मिथचा फोटो अजून ओट्यासमोर आहे. केसांचा टोप बघून नूरजहाँ त्याला "सर के अब्बा" समजते आणि रोज सलाम करते. कुडाळच्या कॉलेजात ह्यांनी त्याचं अर्थशास्त्र शिकवलं आणि इथे ते स्वयंपाकघरात आणलं. तो म्हणतो, एकट्याने अख्खी टाचणी करू नये. एकाने तार ओढावी, दुसऱ्याने टोक काढावं, म्हणजे ढिगाने टाचण्या होतात. म्हणून नूरजहाँने पारी करायची, रंभाने सारण भरायचं, मी कळ्या पाडायच्या आणि पात्र ह्यांनी उतरवायचं. दुसऱ्याच्या कामाला हात लावला की म्हणायचे, "खलास, गेला स्पीड."

जन्मभर एकच काम करणाऱ्याची बुद्धी गंजते, असंही तोच माणूस सांगून गेलाय. कॉलेजात हे दोन्ही शिकवत, इथे सोयीचं तेवढं धरलं. त्याची हकीकत मात्र रंगवून सांगत. लग्न केलं नाही, आईजवळ राहिला, मरण्याआधी आपले कागद जाळायला लावले.

वर्षाच्या आत गणपती आणू नको म्हणाली होतीस, पण ह्यांचा नेम मोडवेना. नैवेद्य एकटीने करायला बसले तर पारीच जमेना. बोटं नुसती चिमटे काढायला धावत होती. पर्णिका म्हणाली, "आई, जस्ट कॉल नूरजहाँ आंटी." दोघी आल्या. नाक मुरडू नकोस, मोदक सुरेख झाले. पर्णिकाने पात्र चढवलं आणि ती फुलं आणायला गेली.

आम्ही तिघी हात पुसून बसलो. पाणी आटल्याचा आवाज आला, मग वास. रंभाने माझ्याकडे बघितलं, मी दाराकडे. कुणी उठलं नाही. आक्का, मला पॅसेजमध्ये ह्यांच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. खरंच आल्या. मला वाटलं, आले, आता उतरवतील.

मोदकांचा कोळसा झाला. आईच्या पात्राची कल्हई गेली, बूड जळलं. मी ते घासलेलं नाही. चपला अजून रोज वाजतात आणि मला भीती वाटते, ती त्या वाजायच्या थांबतील याची.

दिवाळीत मी येते. मला मोदक पहिल्यापासून शिकव, पात्र उतरवेपर्यंत.

नुसत्या कळ्या पाडता येणारी,
तुझी कमळी