चार नंबरचं मशीन आणि पाच कॉम्प्युटर

बाई, तुम्ही गेल्यावर तुमचा टायपिंगचा वर्ग मी बंद पडू दिला नाही. खोली तीच आहे, नवी पेठेतल्या जिन्यावरची. मशीनं गेली, फक्त चार नंबरचं मी खिडकीशी ठेवून घेतलंय. बाकीच्या जागी पाच जुने कॉम्प्युटर आहेत. सरकारी परीक्षेची मुलं आता मोठ्या संस्थांकडे जातात. माझ्याकडे येतात त्या बायका, मराठी टायपिंग, अर्ज, पत्रं शिकायला.

यंदा या पाचांवर विंडोजची नवी आवृत्ती बसणार नाही असं कळलं, आणि नवे कॉम्प्युटर घेणं झेपणारं नव्हतं. दुरुस्तीवाले म्हणाले, "मॅडम, लिनक्स टाका. फुकट आहे, जुन्यावरही पळतं." टाकलं. पण पहिल्याच पायरीला अडले. त्यात डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारं सगळं रूप, खालची पट्टी, मेनू, खिडक्या, आपणच निवडायचं असतं. एक रूप इतकं रिकामं की कुठे हात घालावा कळेना. दुसऱ्यात प्रत्येक गोष्ट बदलता येते. मी अख्खी संध्याकाळ घड्याळाचा रंगच बदलत बसले. तिसरं साधं, हलकं, जरा जुनाट. चौथं हुबेहूब विंडोजसारखं. निवड होईना, म्हणून मी एक काढून दुसरं टाकण्याऐवजी एकावर एक टाकत गेले. पंधरा दिवसांत मेनूत दोन दोन सेटिंग, फायली उघडायच्या तीन जागा, आणि कुठलं कुणाचं काही कळेना.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी अठरा वर्षांची आहे, वर्गातला तिसरा महिना. ज्याला जे मशीन मिळेल त्यानं सहा महिने त्यावरच बसायचं, हा तुमचा नियम. तुम्ही चहाला गेलात की मी कधी दोन नंबरवर, कधी सातवर बसून बघते. एकदा तुम्ही दारातूनच पाहता. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही, पण रागावलात की तुमच्या गावचं, करकंबचं बोलणं बाहेर यायचं: "मशीन काय स्थळ हाय व्हय गं, धा बघून एक पसंत करायला? बस आपल्या जागी!" सगळा वर्ग हसतो. मी चार नंबरवर येऊन बसते.

म्हणून यंदा मी सगळं पुसलं आणि एकच ठेवलं, चौथं, विंडोजसारखं. विद्यार्थिनींना सोपं जाईल असं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. 'इथे काहीतरी वेगळंच शिकवतात' असं बाहेर गेलं तर वर्ग ओस पडेल, ही भीती होती. पडद्यावरचं मागचं निळं चित्रसुद्धा मी तसलंच शोधून लावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

माझ्याकडे सांगोल्याकडची एक विद्यार्थिनी आहे, पस्तिशीची. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला उभी असते, पाय सुजतात तिचे. तिला ऑफिसातली बसायची जागा हवी आहे. गेल्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसात तिला एक पत्र टाइप करायला बसवलं. कीबोर्ड इंग्रजीचा मराठी करायचं चिन्ह मी शिकवलेल्या कोपऱ्यात नव्हतं, मेनूतली नावं निराळी. अर्ध्या तासात चार ओळी झाल्या. परत आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "माझंच डोस्कं चालंना, बाई. हितं तर समदं येतंय. तितं गेले आन् आंधळी झाले."

मी तिला पाणी दिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "सराव कमी पडला असेल." आणि ती खाली मान घालून दोन तास सराव करत बसली, माझ्या डोळ्यांसमोर.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. कॉम्प्युटर वेगळा आहे, मी लपवलं, तुझं डोकं ठीक आहे. ती मग म्हणाली, "व्हय? मग आदी सांगायचं की वो! चुलीवर भाकरी येती तिला गॅसवर येत न्हाय व्हय? फुडं चूल हाय का गॅस, तेवढं ठावं पायजे." तिनं साहेबांकडे परत संधी मागितली. सोमवारी पुन्हा बसवणार आहेत. तोवर रोज ती माझ्या घरच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर हात बसवते आहे. पाचही कॉम्प्युटरवर आता मी तिसरं रूप टाकलंय, ते साधं, कुणासारखंच न दिसणारं. हे काय आहे आणि बाहेर काय असेल, ते नव्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगते. अजून कुणी वर्ग सोडलेला नाही. सोडला असता तर सांगत राहिले असते का, हे मला माहीत नाही.

पण तुम्हाला लिहायला बसले ते यासाठी नव्हे. ती दुपार डोक्यातून जाईना. चाचणीत माझे मिनिटाला तीस शब्द होत नव्हते आणि मी तुम्हाला म्हटलं होतं, "चार नंबरचा र अडकतो, बाई." तुम्ही पदर खोचलात, रॉकेल आणि जुना टूथब्रश घेतलात आणि सगळी दुपार एकेका अक्षराची काडी घासत बसलात. डबा तसाच राहिला. पुढच्या चाचणीत माझे तीस झाले, तेव्हा तुम्ही अख्ख्या वर्गाला सांगितलंत, "मशीनची चूक होती, पोरीची नव्हती." तेच वाक्य यंदा मला एका बाईला सांगायचं होतं. यंदा ते खरं होतं, तरी मला तीन दिवस लागले.

हे कुठे पाठवायचं नाही. घडी करून चार नंबरच्या झाकणाखाली ठेवते. त्याचा र कधीच अडकत नव्हता, बाई. आत्ताही दाबून पाहिला.