सोयरबीनची खीर

माय, सगळ्यात आधी घरात आली ती किटली, आणि किटलीच्या मागून विहीणबाई. वणीहून पहिली एसटी धरून निघालेल्या. एका हातात लेकाचं मनगट, म्हणजे आमच्या सुनेच्या धाकट्या भावाचं, जणू तो अजून बालवाडीत जातो. मिशा फुटल्यात त्याला! दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेली दुधाची किटली. चपला काढायच्या आधीच किटली माझ्यापुढे धरली. "घ्या. घरच्या गाईचं हाय. आज नातवाच्या खिरीत दुसऱ्याचं थेंबभर चालायचं नाय." नातवाचं उष्टावण होतं ना आज. मामानं मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास भरवायचा, आणि त्यांच्याकडची रीत अशी की खिरीला दूधही मामाच्याच घरचं. मी किटली हातात घेतली आणि मला घाम फुटला. कारण आमच्या बाळाला दूध चालत नाही, आणि हे सुनेनं माहेरी कळवलंच नव्हतं. आईला उगाच घोर नको म्हणून.

तुला नीट सांगते. श्रावणात त्याला पहिल्यांदा वरचं दूध दिलं, चांगलं उकळून, पाणी घालून, तर घटकाभरात अंगभर चट्टे उठले, ओठ सुजले, छातीत घरघर लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. ते सगळं निवळलं, पण डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, आईचं दूध चालू ठेवा, वरचं बंद. मी विचारलं, "गाईचं बंद, मग म्हशीचं?" "तेही नको." "शेळीचं?" "नको, आजी." "मग काय गाढवीचं सांगता?" त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, आता बाळ खायला लागायच्या वयाचं झालंय, मऊ भात द्या, वरण द्या, आणि सोयाबीन देऊन बघू या. चांगलं शिजवून, अगदी थोडं थोडं. आणि एक नवीन दिलं की दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही द्यायचं नाही, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. माझ्या कानाला ऐकू आलं सोयरबीन! सातपूरला घरी परत येईपर्यंत बसमध्ये मी विचार करतेय, सोयऱ्यांनी आजवर आमचंच खाल्लं, आता सोयरे कसे खायला घालायचे? सुनेला विचारलं तर ती पदरात तोंड घालून हसते. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव सोयरबीनच पडलं. किराणावाला म्हणतो, "आजी, कोंबड्या पाळल्या काय?" मी म्हटलं, एकच पाळलीय, पण ती अंडी देत नाही, नुसती ओरडते. दाणे कसे सांगू तुला, वाटाण्यासारखे गोल, रंगानं पिवळट. भिजले की लांबोडके होतात. कच्च्याला असा उग्र वास की मी मागचं दार उघडलं. पण शिजवून, वाळवून, भाजून दळले की त्याच दाण्यांना खमंग वास येतो. हे कसं होतं ते मला कुणी सांगत नाही.

चौकशी करायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. आपल्या विंचूरच्या घरात तू कांद्याच्या खळ्यावरून येतेस, डोळे लाल, हाताला वास, आणि चुलीवर धाकट्यासाठी हुलग्याचं माडगं ढवळायला बसतेस. मी शेजारी. हुलगाच का? मूग का नाही? आधी भाजायचा का? त्याला आवडतं हे तुला कसं कळतं, तो तर बोलत नाही! तू पळी उगारून म्हणालीस, "तोंड आहे का चौकशीचं हापीस?" मी रडत रडत बाहेर पळाले. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तू माझ्यासाठी पाटी आणलीस. "जा, तिकडं त्या मास्तरणीला विचार काय विचारायचं ते, माझा जीव सोड." त्या पाटीवर मी तिसरीपर्यंत पोचले, आणि तेवढ्या अक्षरांवरच हे लिहितेय, हसू नकोस. पण मास्तरणीलाही हुलग्याचं माहीत नव्हतं गं. म्हणून आता परत तुलाच विचारते. तुला कुणी सांगितलं होतं? का घरात दूध नव्हतं, दुसरं काही नव्हतं, म्हणून जे होतं ते शिजवलंस? आणि त्याला सोसेल की नाही, ह्याची तुला भीती वाटली होती का? तुझ्या तोंडावर तर काही दिसायचं नाही.

तर विहीणबाई. त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि हळूच सांगितलं. त्यांनी तांब्या खाली आपटला. "लेकराला दूध चालत नाय, असं कुठं असतंय व्हय? तुमच्या हितल्या पिशवीच्या दुधाचा दोष त्यो." मी सोयरबीनचं सांगितलं तर आणखीनच भडकल्या. "ते तर आमच्याकडं पोल्ट्रीवाले नेत्यात! माझ्या नातवाला कोंबड्यांचं खाद्य घालताय?" मी म्हटलं, "विहीणबाई, कोंबड्या बघा की कशा टुणटुणीत असतात." हे बोलायला नको होतं. त्या उठल्याच. लेकीला म्हणाल्या, "कपडे भर गं. संध्याकाळच्या गाडीनं दोघांना नेते मी. माझ्या गाईच्या दुधावर बाळसं धरतो का नाय, बघतेच." पोरगा माझा कामावर, पहिली पाळी. आता ह्यांना अडवायचं कुणी? मी अडवलं तर सासू माहेरी जाऊ देत नाही असं होणार, आणि जाऊ दिलं तर तिथे गेल्या गेल्या ह्या वाटी बाळाच्या तोंडाला लावणार.

तेव्हा सूनबाई बोलली. ती कधी आवाज चढवत नाही, आजही नाही चढवला. "आई, मी त्याला हाका मारत होते आणि त्याला रडतासुद्धा येत नव्हतं. तिकडं असं झालं तर तू कुठं धावशील?" विहीणबाई मटकन खाली बसल्या. बाळ त्यांच्या बांगड्या ओढतंय. मग म्हणाल्या, "दावा बघू, काय ते."

मी भाजलेल्या पिठाचा डबा उघडून पुढे केला. त्यांनी नाक घातलं आणि डोळे मोठे केले. "अगं बया! ही तर सुकडी!" तू मोठ्या दुष्काळाच्या आधीच गेलीस, तुला सुकडी माहीत नाही. त्या दुष्काळात पोराबाळांना एक पौष्टिक पीठ वाटत, भाजलेलं, गोडसर. त्यात सोयाबीन होतं की नव्हतं, देव जाणे. पण विहीणबाई म्हणतात वास तोच. आमची सून तेव्हा शाळेत. अर्धी सुकडी खायची, अर्धी फ्रॉकच्या ओच्यात बांधून घरी आणायची, तान्ह्या भावासाठी. "हाच की त्यो," म्हणून त्यांनी मिशावाल्या मामाच्या पाठीत धपाटा घातला. "गाय विकली व्हती आम्ही तवा. ह्याला कोमट पाण्यात कालवून हेच चारलं मी. बघा, केवढा दांडगा झालाय!" मामा म्हणाला, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

मग काय, बाईंच्या अंगात माझीच खोड शिरली. सुनेनं भिजवलेले दाणे मिक्सरमध्ये फिरवून पाणी घातलं, मी तो गोळा फडक्यात बांधून विहीणबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "पिळा." धारा काढणारे हात ते! पांढरं शुभ्र खाली पातेल्यात. "आयला, दुधावानीच दिसतंय की. साय येती का ह्याच्यावर?" येते. "विरजलं तर?" म्हटलं, ते अजून बघायचंय. लिंबू पिळलं तर फाटतं का? वाटीभर बाजूला घेऊन पिळलं, फाटलं! दोघी म्हाताऱ्या पोरींसारख्या टाळ्या पिटतोय आणि मामा भुकेनं दारात उभा. कच्चा वास पार जाईपर्यंत ते उकळलं आणि त्याची बाळापुरती खीर केली. गाईच्या दुधाचा मान राखायला मोठ्यांची खीर त्याची. पळी वेगळी, पातेलं वेगळं.

आता गंमत ऐक. शेजारीण वाढायला आली, तिनं हौसेनं दोन्ही खिरींच्या वाट्या पाटापुढे मांडल्या, दोन्ही पांढऱ्या. मामानं भाच्याला मांडीवर घेतलं, बोटातली सोन्याची अंगठी काढली, वाटीत बुडवली. मी निरांजन नीट करत होते. अंगठी बाळाच्या ओठाजवळ गेली आणि विहीणबाईंनी झडप घालून लेकाचं मनगट धरलं. "आरं ती नाय! गाईची हाय ती!" अंगठी टणकन फरशीवर. मामा घाबरून म्हणतो, "तुला कसं कळलं?" "वासानं, मूर्खा! जन्म गेला माझा त्या गाईखाली." ती वाटी त्यांनी स्वतः उचलून आत नेली, अंगठी दोनदा धुतली, लेकाचे हात धुवायला लावले आणि मग दुसरी वाटी स्वतःच्या हातात धरून बसल्या.

बाळानं ओठ मिटले, पंख्याकडे बघितलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग दोन्ही हातांनी वाटीवरच झेप घेतली. विहीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "नातवाचा पहिला घास! माझ्या लेकाच्या हातचा!" सूनबाईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर फुटलोच असतो. कारण पहिला घास कसला, माय? डॉक्टरीणबाईंनी देऊन बघा म्हटल्यापासून आमचं बाळ रोज सोयरबीनची लापशी चाटूनपुसून खातंय, आणि सगळ्यात पहिली चाटवली ती मी.

म्हणूनच हे पत्र टाकत नाही. तुला वाचता येत नव्हतं, तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि विंचूरची बातमी वणीला पोचायला कितीसा वेळ लागतो? जाताना विहीणबाईंनी रिकाम्या किटलीत दोन मापं दाणे भरून नेले. घरी विरजून बघणार आहेत, आणि काय झालं ते सांगायला मंगळवारी येते म्हणाल्यात.