ताऱ्यांना फुटलेली शेपटी

तरसाली, बडोदे
२० जानेवारी २००२

प्रिय ईशू,

तुला आणि आशयला अनेक आशीर्वाद. तुझं पत्र उत्तरायणाच्या आदल्या दिवशी हातात पडलं. लगेच उत्तर लिहायला बसणार होतो, पण दोन दिवस गच्च्या पतंगवाल्यांनी भरलेल्या, म्हणून दुर्बिणीला गोधडी बांधून राखण करत बसलो. काल नळीला गुंडाळलेला मांजा सोडवला, चांगला ओंजळभर गुंता निघाला. तेव्हा आता सबब उरली नाही. नव्या घराच्या भिंतीसाठी तू मृगातल्या तेजोमेघाचा तो फोटो मागितलास, आईच्या फोटोशेजारी लावीन म्हणालीस. पाठवतो. पण त्या फोटोची हकीकत आधी सांगायला हवी, कारण एकदा मी ती तुला चुकीची सांगितली आहे.

माझं बरं चाललंय. जेवण जातं, झोप लागते. गेल्या महिन्यात दवाखान्यात वजन केलं, दोन किलो वाढलेलं निघालं. शेजारच्या इंदिराबाई सगळ्यांना सांगतात की पद्माकरभाऊ छान सावरले. मी हो म्हणतो. सावरायला आधी कोसळावं लागतं बाई, मी आपला खुंटीसारखा भिंतीत ठोकलेला आहे. काल मांजा सोडवताना बोट चांगलं खोल कापलं, पण ते मला शर्टावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. दुखलं असं म्हणता येत नाही. हळद दाबली आणि उरलेला मांजा सोडवला.

तुला आठवतंय का, आरसा घासायला घेतला तेव्हा तू चौथीत होतीस. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खरादी, कारखान्यात लेथ चालवणारा. इंग्रजी पुस्तक मांडीवर आणि डिक्शनरी शेजारी, असा एकेक शब्द चावून खाल्ला. बारा इंची काच पिंपावर ठेवायची, वर दुसरी काच, मधे वाळूसारखी भुकटी आणि पाणी, आणि पिंपाभोवती गोल फिरत घासायचं. चौदा महिने मी घाण्याचा बैल झालो होतो. भुकटी झिजली की बदलावी लागते, ती कधी बदलायची ते पुस्तकात धड लिहिलेलं नव्हतं. ते तुझ्या आईला कळायचं. ती स्वयंपाकघरातून, पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अहो, खरखर गेली, आता नुसतं पाणी वाटताय." पाट्यावर चटणी वाटणाऱ्या बाईचा कान होता तो. त्या कानाने आरसा झाला, आणि नाव माझं झालं. नळीला ती बंब म्हणायची. "तुमच्या बंबात पाणी तापलं का?" असं पाहुण्यांसमोर विचारायची. पण त्या बंबाची गोधडी तिनेच शिवली, तुझ्या जुन्या फ्रॉकांचे तुकडे घालून.

दुर्बिणीतून तो मेघ तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळा चोळून पुन्हा लावला. मग म्हणाली, "तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर वाफ उठते, तेवढंच दिसतंय. तुम्ही तर लाल म्हणाला होतात." मी समजावलं की डोळ्याला राखाडी दिसतो, रंग फिल्मला दिसतो, कारण फिल्म चाळीस मिनिटं टक लावून बघू शकते. ती म्हणाली, "मग फिल्मला बघू द्या आणि मला दाखवा." हे एवढंच तिने माझ्याकडे मागितलं म्हण ना. दागिना नाही, चारधाम नाही. अकरा वर्षं मी तो फोटो काढत होतो आणि अकरा वर्षं तो बिघडत होता. कधी हायवेवरच्या ट्रकचे दिवे, कधी दव, कधी दुर्बीण फिरवणारी आमचीच मोटर अडखळायची.

घरी बनवलेल्या दातेरी चाकांवर चालणारी दुर्बीण आभाळाबरोबर नीट फिरत नाही, म्हणून मोठीच्या पाठीवर छोटी दुर्बीण बांधायची, तिच्यात दोन केसांची फुली ताणून बसवायची, आणि फोटो होईपर्यंत एक तारा त्या फुलीवर धरून ठेवायचा. तारा जरा सरकला की हाताने चकती फिरवून परत आणायचा. चाळीस मिनिटं डोळा काढायचा नाही. ते केस तुझ्या आईचे होते. पांढरे चालत नाहीत म्हटल्यावर तिने आरशासमोर बसून दोन काळे शोधून दिले होते.

दुर्बिणीचा खांब मी जिन्याच्या भिंतीवर उभा केला, कारण घरात तीच भिंत सगळ्यांत पक्की. पण त्यात माझी एक चूक झाली. जिन्यावर कुणी पाऊल टाकलं की ते थेट दुर्बिणीत पोचायचं. खांब परत हलवायचा कंटाळा केला आणि त्याऐवजी नियम केला. तू रंगीत खडूंनी पाटी रंगवलीस, 'फोटो चालू आहे, जिना चढू नये', आणि ती पायथ्याशी टांगली. पाटी मी लिहायला सांगितली होती, अक्षर फक्त तुझं होतं, एवढं पुढचं वाचताना ध्यानात ठेव. तुझ्या आईने तो नियम सोवळ्यासारखा पाळला. पाहुणे येवोत, फोन येवो, खाली बसून राहायची. एकदा शेगडीवर दूध उतू गेलं, भांडं जळलं, तरी हाक मारली नाही. वर "तुमची समाधी मोडली नाही हो" म्हणून मलाच चिडवलं.

गेल्या वर्षीचा भूकंप तुम्ही बंगलोरला टीव्हीवर पाहिलात. इथे सकाळी सगळी सोसायटी कंपाउंडमध्ये धावली, आणि मी वर गच्चीवर, दुर्बीण धरायला. तुझी आई कणकेच्या हातांनी खाली उभी राहून हाका मारत होती. पुढे महिनाभर ती हे येईल त्याला सांगायची, "सगळं जग खाली पळालं, आमचे हे वर पळाले." लोक हसायचे, मीही हसायचो. नंतर कितीतरी दिवस लोकांना जरा काही वाजलं की धक्का वाटायचा. पण खरं-खोटं माझी दुर्बीण सांगायची, फुलीवरचा तारा थरथरला तरच धक्का. इंदिराबाई सकाळी दुधाच्या रांगेत विचारायच्या, "भाऊ, काल तारा हलला का? म्हणजे खाटा बाहेर घालते." मला त्यात थोडी प्रौढीही वाटायची, खोटं कशाला बोलू.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, बावीस फेब्रुवारीला, आभाळ अगदी धुतल्यासारखं निघालं. चंद्र नव्हता. मृग डोक्यावर आला होता. आईने उपास सोडला होता, सकाळपासून तिला अपचन वाटत होतं, साबुदाण्याने जड झालं म्हणत होती. मी ओव्याचं पाणी घे म्हटलं आणि वर गेलो. आठ वाजून वीस मिनिटांनी कॅमेरा उघडला. मोटर न अडखळता चालत होती, दव नव्हतं. असं अकरा वर्षांत झालं नव्हतं. आठ अठ्ठेचाळीसला तारा फुलीवरून उडाला.

मी वहीत तेव्हाच, चाचपडत लिहिलं, '८.४८, भूकंपाचा लहान धक्का.' आणि डोळा न काढता, खाली ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "धक्का आहे, घाबरू नकोस. तिथेच थांब, बाराच मिनिटं राहिलीत." तारा परत फुलीवर आणायला मला पाऊण मिनिट लागलं. त्यानंतर हात अगदी स्थिर होता. नऊ वाजता कॅमेरा बंद केला, वेळ लिहिली, आरशावर झाकण घातलं, गोधडी बांधली. गाठी नीट मारल्या. मग जिन्याकडे गेलो.

ती आठव्या पायरीवर होती. भिंतीला, त्याच भिंतीला, टेकून बसलेली, एक हात वरच्या पायरीवर.

तुला आणि सगळ्यांना मी सांगितलं की टीव्ही बघताना खुर्चीतच गेली. खुर्चीत मी तिला नेऊन बसवलं. आधी खाली नेलं, पदर सारखा केला, टीव्ही लावला, आणि मग इंदिराबाईंना हाक मारली. का केलं, याचं उत्तर वर्षभर शोधतोय. कुणीतरी विचारलं असतं की जिन्यात कशा आल्या, आणि तुम्ही कुठे होतात. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, बहुतेक लगेच गेल्या असतील. मी विचारलं, बारा मिनिटांत काही झालं असतं का. ते म्हणाले, कुठली बारा मिनिटं? मी म्हटलं, काही नाही. तिने मला हाक मारली का, हेही मला सांगता येत नाही. मारली असेल तर मला ऐकू आली नाही, आणि ऐकू आली असेल तर आठवत नाही. दिवसातून पन्नास वेळा ती "अहो" म्हणायची, त्यातली एक कशी ओळखू.

धक्का असता तर तारा दोन्ही बाजूंना थरथरून जागेवर परत आला असता. भूकंपानंतर तसा मी चार-पाचदा पाहिला होता. हा एकाच बाजूला गेला आणि तिथेच राहिला, भिंतीवर कुणी भार टाकून टेकावं तसा. धक्का असता तर सोसायटी खाली धावली असती, भांडी वाजली असती, कुत्री भुंकली असती. त्या संध्याकाळी यातलं काहीच झालं नाही. सबंध सोसायटीला खरा धक्का कुठला ते सांगणारा मी, आणि माझ्याच जिन्यातला मला ओळखता आला नाही.

फिल्म दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यातच होती. तुझा फोन आला, तू म्हणालीस, "बाबा, तो शेवटचा फोटो तरी नीट आला का?" मी म्हटलं, भूकंपाच्या धक्क्याने जरा बिघडलाय. तेव्हा तो धुतलासुद्धा नव्हता. मग स्टुडिओवाल्या गजेंद्रभाईंकडे टाकला. तो माणूस फोटो घेऊन दुकानाबाहेर उजेडात आला. "काका, आ तो नंबर वन," म्हणाला. खरंच आहे, ईशू. जास्वंदीची पाकळी पाण्यात विरघळावी तसा लाल आलाय, कडेला जरा निळा. तिने मागितला होता अगदी तसा. फक्त प्रत्येक ठळक ताऱ्याला एक बारीक शेपटी आहे, सगळ्यांची एकाच दिशेला, एकाच लांबीची, तारा फुलीवर नव्हता त्या पाऊण मिनिटाची. गजेंद्रभाईंनी नवा कॉम्प्युटर घेतलाय. म्हणाले, "आ पूंछडी काढी नाखुं? पांच मिनिटनुं काम."

शेपट्या काढून टाकायला मी हो म्हटलं. आता तेही सांगतो. तुझ्या पत्रानंतर मी त्यांच्याकडून साफ केलेला मोठा फोटो करून आणला, पुठ्ठ्यात घालून तुझा पत्ताही लिहिला. तारे मोत्यासारखे गोल, कुठे डाग नाही. तो चार दिवस टेबलावर होता. काल बोटाला हळद लावून झाल्यावर पुन्हा काढून पाहिला, शेजारी पहिला ठेवून. साफ केलेल्यात तुझी आई कुठेच नव्हती.

म्हणून हे पत्र. सोबत पहिला फोटो आहे, शेपट्यांसकट. आभाळ वाचायला मी तुला शिकवलंय, तू त्या बघितल्याच असत्यास आणि विचारलंच असतंस. मग मी फोनवर पुन्हा भूकंप म्हटलं असतं, आणि तू विश्वास ठेवला असतास. एवढंच मला नको होतं. आयुष्यात एकदाच तिने नियम मोडला, आठ पायऱ्या चढली, त्या आठ पायऱ्या या कागदावर आल्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत. फोटो भिंतीला लावायचा की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही तेही. फेब्रुवारीतल्या अमावास्येला वर्षश्राद्ध आहे, येणार असशील तर दोन दिवस आधी कळव, स्टेशनवर येईन. आणि मी वर असलो तर खाली थांबू नकोस. पाटी काढून टाकली आहे. पाय वाजवत वर ये.

जसा आहे तसा, तुझाच
बाबा