डोंगर, बेट आणि चारुलतेचे गुडघे

३ नोव्हेंबर, सोमवार

या नोंदींतून एकच विधान सिद्ध करायचे आहे — मंगळूरला उतरून एका दिवशी डोंगर आणि दुसऱ्या दिवशी बेट पाहण्याची यामिनीची योजना चारुलतेच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. यामिनी आमची कन्या. तिथे बँकेत आहे. तिने आम्हा दोघांची तिकिटे आधी काढली, मग कळवले. हा क्रमच सदोष आहे.

सोबत सहलवाल्यांचे पत्रक. एका पानात ‘निसर्गरम्य’ हा शब्द सात वेळा. शिखरापर्यंत पायऱ्या किती, होडीत फळीवरून चढायचे की गुडघाभर पाण्यातून — याबद्दल अवाक्षर नाही.

५ नोव्हेंबर

यामिनीचा फोन. “बाबा, आईला द्या ना.” म्हटले, ती स्वयंपाकघरात आहे, दोघांच्या वतीने मी बोलतो.

“तिला समुद्र बघायचाय. अडुसष्ट वर्षांत एकदाही पाहिला नाही तिनं.”

इच्छा आणि क्षमता या भिन्न गोष्टी आहेत, हे सावकाश समजावले. “मी तुमच्या वर्गात बसलेली नाहीये, बाबा.” चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, घरात एकही विद्यार्थी तयार झाला नाही.

८ नोव्हेंबर

अनुमानाला निरीक्षणाची जोड हवी. सकाळी चारुलतेला घेऊन मावल्याच्या तळ्याच्या बांधावर गेलो, वही बरोबर. एकाच फेरीत ती तीनदा बाकावर बसली — सहा बावीस, सहा एकतीस, सहा अडतीस. प्रत्येक वेळी हात गुडघ्यावर. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

९ नोव्हेंबर

यामिनीला कळवले: बुधवार सायंकाळपर्यंत दोन्ही तिकिटे रद्द कर. चारुलता समोरच होती. काही बोलली नाही. संमती समजतो.

११ नोव्हेंबर

शेजारच्या विमलबाई विरजण मागायला आल्या आणि थेट मूळ विधानावरच घसरल्या. “काऊन जाऊन नाही राह्यले, भाऊजी?”

गुडघे, मी म्हटले.

“कोनाचे? वहिनीचे? तुमी पेपर घेऊन बसता ना सकाळी, तवा माह्यासंगं बांधावर चार फेऱ्या मारते ते, सात हप्ते झाले. जरा हळू चाल म्हनून मलेच वरडा लागते.”

सात आठवडे! मी घरातच होतो. ‘देवळात जाऊन येते’ एवढेच मला ठाऊक.

चारुलता कणीक मळत होती. विचारले, मग शनिवारी तीनदा का बसलीस?

हात न थांबवता म्हणाली, “तुमाला दम लागला होता. ओठ निळे पडले होते. मी बसल्याशिवाय तुमी थोडीच टेकले असते.”

तेव्हाच का नाही सांगितलेस?

“तुमी वेळ लिहून घेत होते.”

वेळा तपासल्या. तिन्ही अचूक आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यामिनीला कळवले: तिकिटे राहू दे, दोन्ही. उद्या डॉक्टरांना छाती दाखवतो. त्यांनी प्रवासाला हो म्हटले, तर डोंगर तुझी आई चढेल. मी पायथ्याशी बसेन. नाही म्हटले, तरी तिला बेटावर तू ने.

कबुली: थांबे तीन होते. ते कोणासाठी होते, हे मी साक्षीदाराला विचारले नाही.

— राघवेंद्र