धुक्यातला गोल

रविवार, १४ मे, सकाळ

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं धर. तुझे गुडघे सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत, तेव्हा घरातल्या कुणाचे तरी वाकू देत. तू ताईच्या घरी आहेस, तर तिला सांग की इथे तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालते आहे. एक झाड गेलं, पण ते मी यायच्या आधीच गेलेलं होतं, असं माझं ठाम म्हणणं आहे. तुला ऐकू येत नाही म्हणून ताई ओरडून ओरडून घसा बसवून घेतेय असं कळलं. तिला म्हणावं, माझ्यासारखं कागदावर, तुझ्या वहीत लिहून बोल. भांडता पण येतं आणि शेजाऱ्यांना कळत नाही.

तुझं घर आहे तसंच आहे. खालच्या लाँड्रीची वाफ अजून मोरीच्या खिडकीतून वर येते. भिंतीवर तू लावलेली ती लिफ्टची बटणं, एक ते नऊ, अजून आहेत. काल पाच दाबून बघितलं. काही झालं नाही. लहानपणी मी पाच दाबायचे आणि तू मला काखेत धरून वर उचलायचास, ते आठवलं. आता तुला उचलायला लावलं तर दोघं एकदमच हॉस्पिटलात.

बरं, मुद्दा. तू लिहिलंस, "शेवटच्या सामन्याला जा, आपल्या दोन खुर्च्यांवर बसून बघ, आणि सांग, सीझन तिकिटं पुढे चालू ठेवू की बंद करू. तू म्हणशील तसं." फॉर्म द्यायची शेवटची तारीख शनिवार वीस, त्यानंतर खुर्च्या कुणालाही विकणार. सगळं लक्षात आहे.

गेले होते. बसमध्ये एक बाई शिडी घेऊन चढली होती, आठ पायऱ्यांची. कंडक्टर म्हणाला, शिडीचं तिकीट लागेल. ती म्हणाली, "शिडी उभीच राहणार आहे, बसणार नाहीये, मग तिकीट कसलं?" पुढे काय झालं ते बघायच्या नादात माझा स्टॉप गेला आणि चालत मागे आले. तेव्हा पहिली सात मिनिटं हुकली. हे आधीच कबूल करते.

तर माझं मत. बंद कर. सरळ सांगते.

एक तर आपली टीम. मामा, त्यांना चेंडू म्हणजे कुणाचं तरी रडणारं मूल वाटतं, प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातात द्यायला बघतो. खालच्या लीगमध्ये घसरलो ते योग्यच झालं. दुसरं म्हणजे त्या पायऱ्या. मी मोजल्या, चौसष्ट. तू जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यास आणि स्वतःची खुर्ची घेतलीस एकतिसाव्या ओळीत, जिथे लिफ्ट जात नाही. माझ्या चांगल्या गुडघ्यांना धाप लागली, तुझ्या नव्या गुडघ्यांचं काय होईल? आणि दोन खुर्च्या कशाला? सहा वर्षं मी एका गावात चार महिन्यांच्या वर टिकले नाही. बोटीवरचं स्वयंपाकघर, सफरचंदाच्या बागा, पाट्या रंगवणं, सामान चढवणं, सगळं केलं. यातलं काहीच एकतिसाव्या ओळीतून होत नाही. तुझ्या डाव्या हाताची खुर्ची सहा हंगाम रिकामी राहिली. कुणासाठी?

ओळीतली माणसं भेटली. बसवाले ड्रायव्हरकाका आहेत, मास्तरीणबाई आहेत. तू येत नाहीस तेव्हापासून तुझा जुना कोट काका दर सामन्याला आणतात आणि आपल्या दोन्ही खुर्च्यांवर पसरून ठेवतात, म्हणजे कुणी बसू नये. माझं स्वागत जरा विचित्रच केलं त्यांनी. ते नंतर कधी सांगेन.

सामना हरलो, दोन-एक. दुसऱ्या हाफमध्ये मात्र लांब्याने गोल मारला हो! डावीकडून कॉर्नर आला, तो पहिल्या खांबाशी उडाला आणि डोक्याने आत. सगळं स्टेडियम उठलं. काका तर माझ्या पायावरच उभे राहिले. एवढा एक आनंद घेऊन बंद करू या, काय?

सोबत फॉर्म ठेवलाय, सही करून पाठव, 'बंद'वर मी खूण करून देईन.

तुझी भाची


रविवार, २१ मे, दुपार

प्रिय मामा,

तब्येत बरी असेल. माझी आहे. कुंड्यांपैकी अजून एक गेली, आणि ही मात्र माझ्यामुळे. बघ, खरं बोलायला सुरुवात केली आहे.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. फॉर्मवर सही होती, 'पुढे चालू' आणि 'बंद' हे दोन्ही चौकोन मोकळे होते. आणि सोबत ती चिठ्ठी. "पत्र पोचलं. ताईने सामना टीव्हीवर लावला होता. गोल छान लिहिलास. तो ऑफसाइड होता, पंचांनी दिला नाही, दोन-शून्य हरलो. खूण तू कर."

मामा, मी जिन्यात बसून वाचलं. लाँड्रीवाली म्हणाली, "काय गं, वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, ऑफसाइड." ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि तिची इस्त्री पुढे सरकली.

आता नीट सांगते, पहिल्यापासून. मध्येच दुसरीकडे गेले तर ओढून आण.

मी चौसष्ट पायऱ्या चढून ओळीत शिरले, तर ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले आणि ओरडले, "आलं! धुकं आलं!" सगळी ओळ हसली. मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला, मला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं जरा पातळ असेल." कोट उचलून काकांनी मला माझ्या खुर्चीत बसवलं. मला वाटलं, वेडी माणसं आहेत. चाळीस मिनिटं मी धुकं होते आणि मला पत्ता नाही. मागच्या ओळीतली एक मुलगी आईला विचारत होती, "हीच का ती?"

हाफटाइमला काकांनी थर्मासचं झाकण माझ्या हातात दिलं आणि सांगितलं.

तू माझी पत्रं कधीच घरी उघडायचा नाहीस. पाकीट कोटाच्या खिशात ठेवायचास, सामन्याला न्यायचास, आणि हाफटाइमला फाडून सगळ्या ओळीला मोठ्याने वाचून दाखवायचास. मला कसं माहीत असणार? मी तुला लिहीत होते, अख्ख्या ओळीला नाही! बोटीवरच्या त्या आचाऱ्याचं पण वाचलंस? मास्तरीणबाई म्हणतात, "त्याचं काय झालं पुढे?" मी म्हटलं, काही नाही झालं. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. तुझ्या मामाला तो पसंत नव्हता."

तर चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. तुला आठवतंय, मला नुसता अंदाज आहे, कारण सगळे सामने माझ्यासाठी अंदाजच होते. तू दर हंगामाला तारखांचं कार्ड पाठवायचास. पहिल्या वर्षी मी खरंच कुठेतरी रेडिओ शोधायचे. दुसऱ्या वर्षी पेपरात निकाल बघायचे. मग कार्डावर तारीख बघायची, समोरची टीम कोण ते बघायचं आणि लिहून टाकायचं, तेवढंच राहिलं. तुला बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला ते पत्र लवकर संपवायचं असायचं.

त्या शनिवारी मी लिहिलं, "काय गोल मारला! इतका लांबून, पण मी अगदी डोळ्यांपुढे बघितला." पोस्टात टाकलं आणि कामाला गेले.

आणि इथे त्या दिवशी सामनाच झाला नव्हता. इतकं धुकं की एकतिसाव्या ओळीतून मैदान सोड, तिसावी ओळ दिसत नव्हती. पंच मधोमध जाऊन उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

काका म्हणाले, "पुढच्या सामन्याला तुझा मामा पत्र वाचत वाचत त्या गोलपर्यंत आला आणि थांबला. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो. म्हटलं, आता हा काय करणार? त्याने पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणाला, 'पोरीची नजर बघा. आपल्याला इथे बसून दिसलं नाही, तिला तिथून दिसलं.'"

मग म्हणे ओळीत असा हशा झाला की खालच्या लोकांना वाटलं समोरच्यांचा खेळाडू पडला. तेव्हापासून माझं नाव धुकं. तेव्हापासून प्रत्येक हाफटाइमला लोक विचारायचे, "धुक्याचं पत्र आलं का?" आणि तू वाचायचास. आणि वर मला लिहायचास, "गेल्या सामन्याबद्दल काय वाटलं तुला?" चार वर्षं! आणि मी चार वर्षं सांगत राहिले.

मामा, एकदा तरी रागवायचंस की.

झाकणातलं तसंच ठेवून मी उठले. काकांना म्हटलं, पाणी घेऊन येते. चौसष्ट पायऱ्या उतरले आणि बाहेर, भिंतीच्या पलीकडे, तिकीटखिडक्यांच्या समोर कट्ट्यावर बसले. दुसरा हाफ मी पाहिलाच नाही. आतून मोठा आवाज झाला, सगळे ओरडले, मला वाटलं, आपला गोल. मग आवाज बसला तो कशामुळे याचा विचारच केला नाही. लांब्या हे नाव पहिल्या हाफमध्ये कानावर पडलं होतं, त्याच्या डोक्यावर तो कॉर्नर मी बसल्या बसल्या ठेवला. काका माझ्या पायावर उभे राहिले ते पण खोटं. काका बिचारे वर माझ्या पाण्याची वाट बघत होते.

म्हणजे धुक्याच्या गोष्टीने लाज वाटून बाहेर आले आणि तिथे बसून पुन्हा तेच केलं. मला वाटतं याला कौशल्य म्हणतात.

आता कालची गोष्ट. मी फॉर्म घेऊन अकरा वाजता खिडकीवर गेले. ड्रायव्हरकाका आणि मास्तरीणबाई आपापले फॉर्म घेऊन आधीच रांगेत होते. मी तोंड लपवायला बघत होते, पण काका अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी सापडलं का गं?"

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. ऑफसाइडचं पण. काका इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म बघितला आणि विचारलं, "दोन्ही चौकोन मोकळे का?"

"मामा म्हणतो, खूण तू कर."

"मग कर. तो काय तिकिटांबद्दल विचारतोय असं वाटतंय का तुला?"

नाही वाटत, मामा. सहा हंगाम तू टीमवर श्रद्धा ठेवलीस असं मी समजत होते, आणि तुला हसत होते, की किती भोळा माणूस, हरणाऱ्यांना सोडत नाही. हरणाऱ्यांत मी पण होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रांग पुढे सरकली. मी खिडकीतल्या बाईला विचारलं, "एकतीसमधल्या सोळा आणि सतरा बदलून खाली मिळतील का? जिना नको."

ती म्हणाली, "बदलाला तीन नंबरची खिडकी." तीन नंबरच्या खिडकीवर गेले तर तीच बाई आतून सरकून तिथे येऊन बसली. म्हणाली, "पहिल्या ओळीत, उताराच्या शेजारी दोन आहेत. पाच आणि सहा. पण कॉर्नरच्या झेंड्यामागे. समोरचा गोल दिसत नाही, आधीच सांगते."

मी म्हटलं, "चालेल. न दिसणाऱ्या गोलची आम्हाला सवय आहे."

मागून काकांनी पुन्हा खांब धरला.

तर मामा, तुला न विचारता मी तुझी एकतिसावी ओळ सोडली. वीस वर्षांची जागा. चिडलास तर चीड, पण इथे येऊन चीड. ओळीची काळजी करू नकोस. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हाफटाइमला आम्ही खाली येऊ. उतरायचंच तर आहे. चढताना ड्रायव्हरला पुढे घालते, पडला तर मी थांबवीन." थर्मास काका आणणार. कोट पण त्यांनी दिलाय, दारामागे टांगलाय. खिशात माझी पाकिटं आहेत, मोजली नाहीत, वाचली पण नाहीत. तू आलास की तूच वाच, मोठ्याने, मला ऐकायचंय मी काय काय बघितलं ते.

सहा नंबरची खुर्ची तुझ्या नावावर. पाच नंबरची माझ्या नावावर केली. नाव विचारलं तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं, सहा वर्षं ती खुर्ची पण तुझ्याच नावावर होती.

आणि ऐक. तीन नंबरच्या खिडकीवर एक पाटी होती, की उन्हाळ्यात स्टँडमधल्या खुर्च्यांचे नंबर पुन्हा रंगवायला माणसं हवीत. पाट्या मी सगळीकडे रंगवल्यात. सोमवारपासून जाणार आहे. एकतिसाव्या ओळीतला सोळा आणि सतरा मीच रंगवणार, जरा सुबक काढीन, नवीन येणाऱ्यांना कळलं पाहिजे की इथे कुणीतरी बसत होतं. जन्मभर इथे राहीन असं म्हणत नाही, ते तूही मानणार नाहीस. एक हंगाम राहते. त्यानंतर काय ते त्यानंतर.

पहिला सामना बारा ऑगस्टला, शनिवारी. डॉक्टर म्हणाले तोपर्यंत काठी घेऊन चालशील. उतारावर मी धरीन. टीम घसरलेली आहे, झेंडा मध्ये येतो, समोरचा गोल दिसत नाही. निम्मा सामना तू डोळ्यांनी बघ, उरलेला मी तुझ्या वहीत लिहून दाखवीन. आणि धुकं पडलं तर धुकं पडलं असंच लिहीन.

ओळ पहिली, खुर्ची पाच, तुझ्या डाव्या हाताला,

तुझं धुकं