वजा सव्वा

प्रिय धाकट्या,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता पानं घेऊन बसलोय. हात दुखतोय, पण लिहितो. फोन तू मध्येच ठेवून देशील, कागद निदान शेवटपर्यंत वाचशील.

खाण पुन्हा विकली जातेय. हा चौथा मालक, गाड्या बनवणारी कंपनी. आधी सरकार, मग ते दोघे भागीदार, मग आपल्याला वाढदिवसाची कार्डं पाठवणारे. दर वेळी हेल्मेटवर नवा स्टिकर चिकटतो. आता चार थर होतील, आतलं डोकं तेच. चहाचं मशीनही तेच आणि अजून गळतं. कामही तेच, जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, या तळ्यातून त्या तळ्यात ढकलत वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवायचं आणि शेवटच्या पिवळ्या तळ्यातून लिथियम काढायचं. गावाच्या विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजायचं काम अजून माझ्याच गळ्यात. कंटाळलोय रे.

आई बरी आहे. तुझा विषय निघाला की माझ्याकडे बघते आणि उठून स्वयंपाकघरात जाते. तिने मला कधी दोष दिला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

ती सुनावणी मी विसरलेलो नाही. तिसऱ्या मालकांना आणखी सहा तळी हवी होती, आणि उपशामुळे गावाची विहीर उतरत नसेल तरच ती मिळणार होती. तू पंपवाला, गावाच्या गोड्या पाण्याच्या विहिरीवरचा पंप हवा ओढतोय हे तुला आवाजावरून कळलं, आणि विहीर उतरतेय असं तू उठून सांगितलंस. मग त्यांनी मला विचारलं. मी भर सभेत माझी वही वाचून दाखवली, की पाणी जिथल्या तिथे आहे. वर, वही खोटं बोलत नाही, असंही ऐकवलं. लोक तुला हसले, तळी मंजूर झाली आणि महिन्याभरात तू सामान बांधलंस. खरं सांगतो, तेव्हा मी मनातून थोडा खूशही होतो. लहानपणापासून तुझंच खरं ठरायचं.

आता पुढचं ऐक. महिन्याभरात मी निवृत्त होतोय, म्हणून नव्या मालकांच्या पाणी-तपासनीस बाईंना काम समजावत होतो. विहिरीत टेप सोडायचा, पाणी लागलं की आकडा वाचायचा आणि वजा सव्वा करायचा, कारण टेप कठड्यावरून सोडतो आणि कठडा जमिनीपासून सव्वा मीटर उंच. बाईंनी मान वळवून विहिरीकडे बघितलं आणि विचारलं, कठडा कुठाय?

कठडा नाहीच, धाकट्या. तिसऱ्या मालकांनी आल्या आल्या तो पाडला आणि जमिनीलगत लोखंडी झाकण बसवलं. पाडताना आपण दोघं तिथेच चहा पीत उभे होतो. त्या कामापायी सहा महिने मोजणी बंद राहिली. पुन्हा टेप सोडला तेव्हा आकडा सव्वाने कमी यायला हवा होता. तो पूर्वीइतकाच आला आणि मला बरं वाटलं, सगळं जिथल्या तिथे. सवयीने सव्वा वजा करून मोकळा झालो. विहिरीत पाणी सव्वा मीटर खाली गेलं होतं, वहीत मी ते रोज वर ओढत होतो.

शुक्रवारी सकाळी दहाला, शाळेच्या हॉलमध्ये, विक्रीची सुनावणी आहे. नवे मालक त्याच वहीवर आणखी दहा तळी मागतायत. बाईंनी सांगितलं, की त्या अहवालात गुपचूप दुरुस्ती करतील, माझं नाव येणार नाही. मी नको म्हणालो. तुला सभेत खोटं पाडलं होतं, ते सभेतच परत घ्यायचंय. तुला ये म्हणायचा हक्क मला नाही, तरी ये. माफ नाही केलंस तरी चालेल, मागे बस, बोलू नकोस. आई पुढच्या रांगेत बसणार म्हणते, तिच्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवतो.

तुझाच,
चुकलेला दादा